तीन गोळ्यांचा दाखला

‘अपग्रेड’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. त्याला प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा त्यामागची समजूत तपासणे अधिक उपयोगाचे. नवा भाग आला म्हणजे वस्तू सुधारली, अशी ती समजूत. तिची कसोटी लावण्यासाठी आम्ही येथे एक दूरचे उदाहरण घेत आहोत. कारखान्यातून आलेली साधी बोल्ट-ॲक्शन रायफल अचूक लक्ष्यवेधासाठी टप्प्याटप्प्याने घडवत नेणे हा अमेरिकेतील हौशी नेमबाजांचा जुना उद्योग आहे. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते हा विषय मुळात पुराव्याचा आहे, आणि पुराव्यावाचून आपलेही चालत नाही.

या उद्योगातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे रेमिंग्टन ७००. ही रायफल १९६२ साली बाजारात आली. १९४८ सालच्या ७२१ आणि ७२२ या नमुन्यांचा वारसा तिला होता. या घराण्यामागचे अभियंते माइक वॉकर स्वतः लक्ष्यवेधी नेमबाज होते. रायफलीचा गाभा, म्हणजे रिसीव्हर, गोल नळकांड्याच्या आकाराचा असल्यामुळे तो लेथवर चढवून सरळ करून घेणे सोपे. म्हणून सुधारणा करणाऱ्यांची पसंती तिला मिळाली. तरीही कारखान्याने ती बनवली मुख्यतः शिकाऱ्यासाठी. शिकाऱ्याला पहिली गोळी योग्य जागी लागली की पुरते. लक्ष्यवेध करणाऱ्याला दहावी गोळीही पहिलीच्या शेजारी हवी असते. दोघांच्या गरजांतील हे अंतर भरून काढणे म्हणजेच ही टप्प्याटप्प्याची सुधारणा.

या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आरंभी बहुधा नवे काही जोडले जात नाही. नको तो स्पर्श दूर केला जातो. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि कुठेतरी नळीला टेकतो. मग गोळीगणिक नळीची थरथर बदलते. म्हणून नळीखालचे लाकूड तासून ती मोकळी करतात. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदी नोट अडखळल्याशिवाय सरकली की काम जमले. रिसीव्हरला दस्त्यात तंतोतंत बैठक मिळावी म्हणून खोबणीत इपॉक्सी भरतात. यालाच ‘बेडिंग’ म्हणतात. मग चाप, कारण जड चाप ओढताना नेम हलतो. मग स्वतः दारू तोलून भरलेली काडतुसे. नवी नळी आणि रिसीव्हरचे पृष्ठभाग नळीच्या अक्षाशी काटकोनात आणणे, ही खर्चाची कामे बहुधा शेवटी येतात.

यात चापाचे प्रकरण वेगळ्या जातीचे आहे. २०१४ साली रेमिंग्टनने आपल्या एक्स-मार्क प्रो या चापाच्या रायफली परत मागवल्या. काही परिस्थितीत गोळी अनवधानाने सुटण्याचा धोका आढळला होता. कारखान्यात बनलेल्या चापाची ही कथा, तर घरच्या टेबलावर स्क्रू पिळून तो हलका करण्यातील जोखीम वेगळी सांगायला नको. येथे चुकीच्या निष्कर्षाची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागू शकते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ शस्त्रांच्या व्याख्येत त्यांच्या सुट्या भागांचाही समावेश करतो आणि परवान्यावाचून असे काम करू देत नाही. ते योग्यच आहे.

आता मुख्य मुद्दा. एकाच दिवशी नळी, दस्ता आणि दुर्बीण बदलली आणि गोळ्यांचा गट लहान झाला, तर श्रेय कोणाला द्यायचे? म्हणून जाणते लोक एका वेळी एकच गोष्ट बदलतात. पण एवढ्याने भागत नाही. बदलानंतर अनेक जण तीन गोळ्या झाडतात, शंभर यार्डांवर इंचाच्या आत गट आला की तो कागद जपून ठेवतात आणि ‘माझी रायफल एवढी मारते’ असे सांगू लागतात. गणित मात्र निराळे बोलते. तीन गोळ्यांच्या गटाचा व्यास सरासरी एक इंच असेल, तर त्याच रायफलीच्या दहा गोळ्यांच्या गटाचा व्यास सरासरी दीड इंचाहून थोडा अधिक भरतो. शिवाय काहीही न बदलता तीन गोळ्यांचा एक गट अर्ध्या इंचाचा आणि पुढचा दीड इंचाचा येऊ शकतो. दहा टक्क्यांची सुधारणा खरी की भास, हे ठरवायला शेकडो गोळ्या झाडाव्या लागतात. आणि प्रत्येक गोळीने नळी आतून थोडी झिजते. काही हजार गोळ्यांनंतर स्पर्धेतली नळी बदलावीच लागते. पुरावा गोळा करताना ज्याचा पुरावा हवा तेच खर्ची पडते. तीन गोळ्यांवर थांबण्याचा मोह का होतो, हे यावरून कळते.

आमचे मत असे, की या उद्योगाचे खरे मोल वाया गेलेले कागद जपण्यात आहे. जो आपले वाईट गटही तारखेसह नोंदून ठेवतो, त्यालाच आपल्या रायफलीविषयी बोलण्याचा अधिकार येतो. बाकीच्यांनी हौस जरूर करावी. फक्त तिला सुधारणा म्हणू नये.

आता आपल्या घरात पाहू. संरचनावाद, देशीवाद, उत्तर-वसाहतवाद असे नवनवे भाग आपण समीक्षेला जोडत आलो. प्रत्येकाने काही दाखवलेही. पण दाखला बहुधा तीन गोळ्यांचाच राहिला. संग्रहातील तीन कविता घ्यायच्या, त्यांतून कवीची जीवनदृष्टी सिद्ध करायची, आणि उरलेल्या साठ कवितांपैकी ज्या त्या दृष्टीत बसत नाहीत त्यांविषयी मौन पाळायचे. मग निष्कर्ष नव्या सिद्धान्ताचा, कवितेचा की निवडणाऱ्याच्या हाताचा, हे वाचकाला कळायचे कसे?

कवितेला लक्ष्यफलक नसतो, रसास्वाद इंचांत मोजता येत नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. परंतु आमची मागणी मोजमापाची नाही. ‘हा कवी असा आहे’ हे विधान आपण करतोच. ते करताना विरुद्ध जाणाऱ्या कविताही मांडाव्यात, एवढेच आमचे म्हणणे. एम.ए.च्या लघुप्रबंधात प्रतिपादनाला न जुमानणाऱ्या कवितांचे एक प्रकरण सक्तीचे करून पाहायला हरकत नाही. काही प्रबंधांची नावे बदलावी लागतील, काही निष्कर्ष आखूड होतील. मार्गदर्शक म्हणून आपण त्याला तयार आहोत का, हे आधी आपसांत ठरवायला हवे.