योजनेत बसत नाही, हे लिहून द्या

सन्माननीय आरोग्यमंत्री महोदय आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना चालवणारे सर्व अधिकारी,



मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो. पीक विम्यापासून उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत लोकांची कामं माझ्या टेबलावरून जातात. आयुष्मान कार्डही मी काढून देतो. शेतात राबून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या बायका येतात. मशीनवर अंगठा उठत नाही. मग बोट ओल्या फडक्यानं पुसायचं, पुन्हा ठेवायचं, तेही जमलं नाही तर कॅमेऱ्यासमोर बसवून चेहरा जुळवायचा. कार्ड लॅमिनेट करून हातात दिलं की त्या विचारतात, ‘‘दवाखान्यात चालतंय न्हवं रं बाबा हे?’’ इतकी वर्षं मी बिनदिक्कत ‘चालतंय की’ म्हणायचो. आता म्हणवत नाही. त्याचं कारण आपल्या कानावर घालावं, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात पहाटे म्हशीची धार काढताना माझ्या आईच्या छातीत कळ आली. तिचं वय 67. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका इमारतीपुरती नाही. दारावर योजनेचा फलक होता. आत योजनेचं टेबल होतं, त्यावर ‘आरोग्यमित्र’ अशी पाटी होती आणि खुर्ची रिकामी होती. ‘‘ते दहाला येतात,’’ वॉचमन म्हणाला. काउंटरवरच्या माणसानं आईचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. ‘‘अँजिओग्राफी योजनेत बसत नाही. पंचवीस हजार डिपॉझिट भरा, पुढचं पुढं बघू.’’ भरले. दुपारी कळलं की एक रक्तवाहिनी बंद आहे, स्टेंट टाकावा लागेल. पुन्हा तेच उत्तर आलं. ‘‘आमच्याकडे हे योजनेत बसत नाही. पेशंट हलवायचा असेल तर इथं सही करा आणि न्या.’’

मी म्हणालो, ‘‘बसत नाही एवढं लिहून द्या.’’ त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं. ‘‘तसं लिहून देता येत नाही.’’ आई हलवायची तर आमची सही लागत होती. नकारावर त्यांची सही मात्र मिळत नव्हती. आई आत होती, वाद घालण्याची वेळ नव्हती. बहिणीनं आपली बोरमाळ सराफाकडे ठेवली, मी पतसंस्थेतून उचल घेतली, 1 लाख 62 हजार रुपये भरले आणि पाचव्या दिवशी आई घरी आली. ती बरी आहे. बोरमाळ अजून सुटलेली नाही.

अँजिओप्लास्टी योजनेच्या यादीत आहे, हे आपल्याला माहीत आहे. तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून दाखल करून घ्यायची आणि कागद मागाहून द्यायची सोय आहे, हेही आपल्याला माहीत आहे. आपले जी.आर. वाचणं हा माझ्या धंद्याचा भाग असल्यानं हे सगळं मलाही ठाऊक होतं. तरी त्या काउंटरसमोर माझा काही उपाय चालला नाही. मग ज्यांना फलकावरची अक्षरंही वाचता येत नाहीत, ते तिथून काय घेऊन परत जात असतील?

आपण दिलेल्या आश्वासनांची उजळणी करतो. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आमचा सोलापूर होता. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. 2017मध्ये योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. 2018मध्ये केंद्राची 5 लाखांची आयुष्मान भारत योजना आली आणि एप्रिल 2020पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. जून 2023मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला 5 लाखांचं संरक्षण मिळेल. ते प्रत्यक्षात यायला 1 जुलै 2024 उजाडला. निर्णय ऐकून निर्धास्त झालेल्या आणि त्या मधल्या वर्षात आजारी पडलेल्या कुटुंबांना आपण काय सांगितलंत? उपचारांची संख्या 1356 होती, ती 2399 करण्याचा निर्णय 2025मध्ये झाला. प्रत्येक घोषणेनंतर माझ्या दुकानासमोर रांग लागली. एवढं सगळं वाढलं, पण काउंटरवरचं ते वाक्य सुरुवातीला होतं तिथंच आहे.

‘बसत नाही’ या दोन शब्दांत काय काय दडतं, ते पाहा. योजनेच्या खाटा भरलेल्या असतील. त्या उपचाराचा योजनेतला दर रुग्णालयाला परवडत नसेल. आधीची बिलं थकली असतील. त्या विषयाचे डॉक्टर रजेवर असतील. रेशनकार्ड ऑनलाइन नसेल. उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असेल. किंवा यातलं काहीच नसेल, रोख पैसे देणारा रुग्ण हवा असेल. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे, आणि काही कारणं सरळ सरळ गुन्हा म्हणावीत अशी आहेत. नातेवाइकाला मात्र सगळ्यांसाठी एकच उत्तर मिळतं, तेही तोंडी. नक्की काय बसत नाही हे आम्हाला कळू नये, अशीच ही व्यवस्था नाही ना?

रुग्णालयांचीही बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही. योजनेचे दर जुने आहेत, मंजूर झालेल्या बिलांचे पैसे वेळेवर येत नाहीत, असं डॉक्टर मंडळी उघडपणे सांगतात. त्यांचं म्हणणं खरं असेल तर पैसे वेळेवर द्या. खोटं असेल तर तसं जाहीर करा. आपला आणि रुग्णालयांचा व्यवहार काय असेल तो असो. त्यातली थकबाकी माझ्या बहिणीच्या बोरमाळेतून का वसूल व्हावी?

नावांचंही सांगतो. आईचं नाव आधारवर ‘सुमन’ आहे, रेशनकार्डावर ‘सुमनबाई’. एवढ्या फरकापायी तिचं कार्ड किती दिवस अडकलं होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे. देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2023मध्ये आयुष्मान योजनेवर अहवाल दिला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी 9999999999 या एकाच मोबाइल नंबरवर नोंदले गेले होते, आणि नोंदीत आधीच मृत दाखवलेल्या रुग्णांवर पुढेही उपचार झाल्याचं दिसत होतं, असं त्यात आहे. मोबाइल नंबर पडताळणीसाठी लागतच नाही, असा खुलासा सरकारनं केला. तो मान्य करू. पण दहा नऊंनी जिथं कुणाचं अडलं नाही, तिथं माझ्या आईचं एका ‘बाई’नं का अडावं?

खासगी दारातून परत फिरलेल्याला सांगितलं जातं, ‘‘सिव्हिलला जा.’’ आपण स्वतःच काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवले आहेत. तत्त्व म्हणून ते पटतं. सार्वजनिक रुग्णालयांकडे पैसा वळलाच पाहिजे. 15 ऑगस्ट 2023पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, त्याचंही आम्ही स्वागत केलं. आणि दीड महिन्यानं नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 जण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. केसपेपर मोफत झाला, पण त्याच्या मागच्या बाजूला ‘औषधं बाहेरून आणा’ असं लिहून मिळत असेल, तर मोफत नेमकं काय झालं?

आता माझ्या मूळ मागणीकडे येतो. खासगी कंपनीनं विम्याचा दावा नाकारला, तर पॉलिसीतल्या कोणत्या अटीनुसार नाकारला हे तिला लेखी कळवावं लागतं. ते पत्र घेऊन माणूस विमा लोकपालाकडे जाऊ शकतो. आपल्याच सरकारच्या 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार दाखल्याचा अर्ज फेटाळला, तर अधिकाऱ्याला कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. अशी पत्रं घेऊन लोक माझ्या दुकानात येतात आणि आम्ही अपील लिहितो. म्हणजे उत्पन्नाचा दाखला नाकारला तर कागद मिळतो, आणि छातीत कळ आलेल्या माणसाला परत पाठवलं तर मिळत नाही. हे आपल्याला न्याय्य वाटतं का?

तक्रार करायची सोय आहे, असं आपण म्हणाल. आहे. पण तक्रार करायला गेलं की पुरावा लागतो. माझ्याकडे डिपॉझिटची पावती आहे, बिल आहे, डिस्चार्ज कार्ड आहे. या तिन्ही कागदांवरून असंच दिसतं, की एका मुलानं राजीखुशीनं पैसे भरून आईवर उपचार करून घेतले. योजना नाकारल्याची खूण त्यांत कुठंही नाही. किती रुग्णांवर उपचार झाले आणि किती कोटी खर्च झाले, हे आपण दर वर्षी सांगता. दारातून किती जण परत गेले, हे कधी सांगितलंत का? सांगणार कसं? परत पाठवलेल्यांची वहीच कुठं नाही. आपल्या लेखी माझी आई त्या दिवशी आपल्या दारात आलीच नव्हती.

योजनेला ज्यांचं नाव आहे, त्या जोतीरावांनी 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये निरक्षर शेतकऱ्याला सरकारी कचेऱ्यांत कसं नाडलं जातं, हे पोटतिडकीनं मांडलं. तेव्हा त्याला वाचता न येणाऱ्या कागदावर त्याची निशाणी घेत. आज त्याच्या हाती कागदच पडू देत नाहीत. निदान त्या नावाची तरी आपण बूज राखावी.

मी मागतो आहे ते फार खर्चाचं नाही. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात नकाराचं एक छापील पुस्तक ठेवा, अनुक्रमांक असलेलं, पावतीपुस्तकासारखं. रुग्णाला योजनेतून परत पाठवायचं असेल, तर त्याचं नाव, वेळ, आजार, नकाराचं नेमकं कारण आणि सांगणाऱ्याची सही, एवढं त्यावर असू द्या. एक प्रत रुग्णाला, एक आपल्याला. त्या दिवशी योजनेच्या किती खाटा रिकाम्या आहेत, हे दारावरच्या फलकाइतक्याच मोठ्या अक्षरांत पैसे भरायच्या काउंटरवर लिहा. आरोग्यमित्राची खुर्ची रात्रीही भरलेली असू द्या, कारण छातीतली कळ दहा वाजेपर्यंत थांबत नाही. आणि कोणत्या रुग्णालयातून महिन्याला किती नकार गेले, ते जाहीर करा. सही करावी लागणार म्हटल्यावर यातले अर्धे नकार दिलेच जाणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. उरलेल्या अर्ध्यांतून योजनेचं कुठं दुखतं, ते आपल्याला कळेल.

हे पत्र लिहीत असतानाच गल्लीतल्या एक आजी कार्डासाठी येऊन गेल्या. त्यांना माझ्या आईनंच पाठवलं होतं. इतकं होऊनही ती शेजारणींना सांगत असते, ‘‘कार्ड काढून ठेवा गं, वेळेला उपयोगी पडतं.’’ आजींचा अंगठा चौथ्या वेळी उठला. कार्ड हातात घेऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी मान खाली घालून लॅमिनेशनच्या कडा कापत राहिलो.

त्यांना काय सांगायचं, ते आपण मला कळवावं. उत्तर ‘हो’ असो वा ‘नाही’, ते लेखी असावं आणि खाली सही असावी. आलं की मी ते दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूनं चिकटवीन, रांगेतल्या माणसाला बाहेरून वाचता येईल असं.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक नागरिक