विश्लेषण : स्मार्टफोनमध्ये ‘टूजी’ बंद करण्याचा पर्याय कशासाठी?

अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनच्या सेटिंगमध्ये टूजी बंद करण्याची सोय आहे. फाइव्हजीच्या काळात तीस वर्षे जुन्या नेटवर्कची धास्ती का? उत्तर त्याच्या रचनेत आहे.

रचना कशी होती?

टूजीच्या ‘जीएसएम’ तंत्रज्ञानावर पहिला कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. या रचनेत शहराचे छोटे भाग, म्हणजे ‘सेल’ पाडले जातात. प्रत्येक सेलला टॉवर, अनेक टॉवरवर एक कंट्रोलर आणि त्यावर स्विचिंग सेंटर, म्हणजे मोबाइलचे एक्स्चेंज. ग्राहकाची कायम नोंद एका रजिस्टरमध्ये, तर तो सध्या जिथे आहे तिथली तात्पुरती नोंद दुसऱ्या रजिस्टरमध्ये असते. म्हणूनच पुण्याचा ग्राहक नागपूरला गेला तरी कॉल त्याला शोधून काढतो.

त्रुटी कोणती?

सिममध्ये गुप्त कळ असते आणि तिची प्रत कंपनीकडे असते. नेटवर्क एक आकडा पाठवते, सिम त्या कळीच्या आधारे उत्तर देते. ग्राहकाची ओळख पटते. मात्र ‘टॉवर खरा आहे का’ हे फोन विचारतच नाही. तेव्हा चिंता होती ती दुसऱ्याच्या नावावर फुकट बोलणाऱ्यांची. महागडा टॉवर कुणी खोटा उभारेल, हा विचार मागे पडला. शिवाय संभाषण सांकेतिक करायचे की नाही, हेही टॉवरच ठरवतो.

आज धोका काय?

आता बनावट टॉवर मोटारीत मावतो. तो जवळच्या फोनना टूजीवर खेचतो आणि बँकेच्या नावाने एसएमएस पाठवतो. हा संदेश कंपनीच्या नेटवर्कमधून जातच नसल्याने तिथली चाळणी निरुपयोगी ठरते. अशा प्रकरणात २०२४ मध्ये लंडनमध्ये अटक झाली होती. थ्रीजीपासून फोनही नेटवर्कची ओळख तपासतो.

मग टूजी बंद का होत नाही?

जिओकडे टूजी नाही. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचे टूजी मात्र साध्या कीपॅड फोनना आधार देते. स्मार्टफोनधारकाने टूजी बंद केल्यास, जिथे फक्त टूजी आहे तिथे रेंज जाईल. अँड्रॉइडवर आपत्कालीन कॉल तरीही लागू शकतो. टूजीवरच चालणारा कीपॅड फोन वापरणाऱ्यांपुढे मात्र हा पर्यायच नाही. त्यांच्यासाठी एकच खबरदारी : एसएमएसवर बँकेचे नाव दिसले, म्हणून तो बँकेचाच आहे असे मानू नये.