काचेवरचे मानकरी

पुढची काच रस्ता दिसावा म्हणून असते, असे कायदा समजतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम पुढच्या-मागच्या काचांतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जाऊ द्या म्हणतो. आपल्या गाडीमालकांना मात्र रस्त्यापेक्षा स्वतःची ओळख दिसण्याची घाई अधिक. म्हणून काचेवर ‘पोलीस’ असते, ‘प्रेस’ असते, कुठल्याशा संघटनेचे तालुका उपाध्यक्षपद असते. विधानभवनाच्या जुन्या अधिवेशनाचा पास मुदत संपली तरी कुणी खरवडत नाही. नो पार्किंगमध्ये तारीख वाचतो कोण?

ज्यांना ओळख दाखवायची नाही, त्यांच्यासाठी काळी फिल्म आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना काचांवर वरून चिकटवलेली फिल्म, मग ती कितीही फिकट असो, चालणार नाही असे सांगितले. सवलत राहिली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असणाऱ्यांना. ती जिवाला धोका म्हणून होती. गावोगावच्या भाऊ-दादांनी तिचा अर्थ ‘मोठ्या माणसाच्या काचा काळ्या असतात’ असा लावून घेतला आणि मोठे होण्याचा त्यातला स्वस्त मार्ग पत्करला. पुढे नियम बदलले. त्यांच्या आधारे 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ठरलेला प्रकाश जाऊ देणारी प्रमाणित फिल्म चालेल असे म्हटले. आता टक्के मोजण्याचे काम पुन्हा चौकातल्या हवालदाराकडे. बंदी होती तेव्हा त्याला निदान नुसत्या डोळ्यांनी भागवता येत होते.

या गर्दीत सरकारनेही जागा मागितली. एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांच्या काचेवर आतून इंधनाच्या रंगाचा स्टिकर आला: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आणि इथे खरी गंमत आहे. पद संपले तरी पदाचा स्टिकर काचेवर सुखाने नांदतो. फास्टॅग चिकटवायला मात्र हात धजत नाही. तो खिशात, डॅशबोर्डवर, नाहीतर ड्रायव्हरच्या हातात, रेशन कार्डासारखा खिडकीतून पुढे केला जातो. कारण उघड आहे. सुटा टॅग कुठल्याही गाडीला चालवता येतो, आणि कारचा टॅग मोठ्या गाडीसाठी पुढे केला की टोल कारचाच कापला जातो. शेवटी महामार्ग प्राधिकरणाला 2024 मध्ये, टॅग काचेवर चिकटवलेला नसेल तर दुप्पट टोल घ्या, असे नाक्यांना कळवावे लागले.

खासगी गाडीवर ‘पोलीस’ लिहू नये, असे आदेश खुद्द पोलीस दलातून वेळोवेळी निघाले आहेत. ते पाळले जातात की नाही, हे कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या गाड्या पाहून कळेल. तेव्हा हे काम त्यांच्यावर सोडण्यात अर्थ नाही. पीयूसी काढायला गाडी केंद्रावर जाते. धूर मोजणाऱ्यानेच काचही पाहावी, फास्टॅग आणि इंधनाचा स्टिकर ठेवून बाकीचे खरवडायला लावावे आणि मगच प्रमाणपत्र द्यावे. अर्थात, त्यासाठी आधी प्रमाणपत्रासोबत गाडीही केंद्रावर न्यावी लागेल.