खांबाआधी खड्ड्याचा विचार

गावाबाहेर दहा-वीस गुंठ्यांची जागा घेऊन तेथे आंबा, चिकू, लिंबू लावण्याची हौस अलीकडे अनेक व्यापारी कुटुंबांत दिसते. जागा ताब्यात आली, की पहिला मोठा खर्च कुंपणाचा. तारेची जाडी, खांबांचा दर्जा, दरातील घासाघीस या बाबी आपण चोखपणे पाहतो. मात्र खांबाचा खड्डा कोणत्या अवजाराने खोदला जाणार, हा प्रश्न मजुरांवर सोडून मोकळे होतो. वस्तुतः खर्चाचा बराचसा भाग तेथेच ठरतो.

हिशेबच मांडून पाहू. 165 फूट लांब व 132 फूट रुंद असा 20 गुंठ्यांचा भूखंड घेतला, तर त्याची परिमिती 594 फूट होते. नऊ-नऊ फुटांवर खांब धरल्यास 66 खांब लागतात. आठ फुटी खांब दोन फूट गाडावयाचा असेल आणि खड्डा एक फूट लांब-रुंद असेल, तर त्याचे आकारमान 2 घनफूट. तोच खड्डा दीड फूट लांब-रुंद झाला, तर 4.5 घनफूट. 66 खड्ड्यांत मिळून हा फरक 165 घनफुटांचा होतो. 1:2:4 प्रमाणाचे काँक्रीट भरावयाचे झाल्यास सिमेंटच्या सुमारे 28 ते 30 गोण्या अधिक लागतील. वाळू, खडी व मजुरी वेगळी. साध्या तारेच्या कुंपणाला एवढ्या रुंद पायाची गरज नसते.

खड्डा रुंद का होतो? कुदळ फिरवण्यास जागा लागते व फावड्याचे पाते अरुंद खड्ड्यात उतरत नाही, म्हणून मजूर खड्डा ऐसपैस करतो. याउलट पहार सरळ खाली पडते. पाच फूट लांबीच्या वजनदार पहारीने माती सैल करावी आणि ती पत्र्याच्या डब्याने उपसावी. खड्डा अरुंद व उभ्या भिंतींचा राहतो. काम थोडे सावकाश होते, परंतु पुढे काँक्रीट वाचते.

अवजाराची निवड जमिनीवरही अवलंबून असते. काळ्या जमिनीत मळसूत्री पात्याचे ऑगर यंत्र उत्तम चालते; मात्र हे काम दिवाळीनंतर, माती ओलसर पण घट्ट असताना करावे. पावसाळ्यात ती पात्याला चिकटते व उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते. शिवाय काळी माती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. म्हणून तेथे खड्डा अर्धा फूट अधिक खोल घ्यावा आणि काँक्रीट न भरता खांब ठोकून बसवावयाचा असल्यास निघालेली मातीच परत न भरता मुरूम भरावा. मुरमाड, गोटे असलेल्या जमिनीत ऑगर अडकते व चालवणाऱ्याच्या मनगटाला जोराचा हिसका बसतो. तेथे पहारच खरी. कातळ लागल्यास विजेवरील ब्रेकर आणावा, किंवा ड्रिलने छिद्र पाडून त्यात लोखंडी अँगल सिमेंटने पक्का करावा.

ऑगर विकत घ्यावे का? दोन दिवसांच्या कामासाठी घेतलेले यंत्र पुढे वर्षानुवर्षे गोदामात गंजते. पडून राहिलेल्या मालात अडकलेले भांडवल काय असते, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. यंत्र चालवणाऱ्यासह भाड्याने घ्यावे. पहार, घमेले, फावडे, ओळंबा व धुम्मस मात्र स्वतःची असावीत. बागेत ती नेहमी उपयोगी पडतात.

खोदण्यापूर्वीचे साधन म्हणजे फीत व दोरी. त्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा निश्चित कराव्यात. शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर सरकलेला खांब पुढे वकिलाच्या फीमध्ये किती महाग पडेल, याचा अंदाज कोणत्याही पत्रकात मांडता येत नाही. काटकोन तपासण्यासाठी कोपऱ्यापासून एका बाजूस 3 फूट व दुसऱ्या बाजूस 4 फूट मोजावे. त्या दोन बिंदूंतील अंतर नेमके 5 फूट आले पाहिजे.

प्रथम कोपऱ्याचे खांब उभे करून त्यांना दोरी ताणावी व मधले खांब त्या रेषेत घ्यावेत. ओळंबा प्रत्येक खांबाच्या लगतच्या दोन बाजूंना लावावा. एकाच बाजूने पाहिलेला खांब दुसरीकडे कललेला असू शकतो. मुरूम भरताना सहा-सहा इंचांचे थर घालून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. काँक्रीटचा माथा चहूबाजूंनी उतरता ठेवावा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे व त्यानंतरच तार ताणावी. कोपऱ्याच्या खांबांवर दोन दिशांनी ओढ येते, म्हणून त्यांना तिरके टेकू अवश्य द्यावेत.

दोन गोष्टींत काटकसर नको. जमिनीखालून विजेची केबल अथवा पाण्याची वाहिनी गेली आहे का, याची चौकशी यंत्र सुरू होण्यापूर्वी करावी. तसेच दिवसभरात जेवढे खांब उभे राहतील तेवढेच खड्डे खोदावेत. उरलेच तर सायंकाळी फळ्यांनी झाकावेत. अंधारात उघड्या खड्ड्यात वासरू, शेळी किंवा रात्रीचा राखणदार पडू शकतो, आणि ती हानी भरून देणारी तरतूद कोणत्याच खातेवहीत नसते.