रसाचे यंत्र आणि जिभेची पारख

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुडबीस थोरल्या वहिनींकडे गेलो होतो. बसवकल्याण तालुक्यातील हे गाव. वैशाखातील ऊन तेथे दुपारी पाहुण्यास ओसरीवरून हलू देत नाही. वहिनींच्या चिरंजीवाने पुण्याहून फळांचा रस काढण्याचे विजेचे यंत्र पाठविले होते. मुहूर्तास म्हणून कमलापूरची प्रसिद्ध लाल केळी आणविली आणि सोलून यंत्रात घातली. भांड्यात थेंब पडेना. जाळी मात्र गच्च भरली. “यंत्र फसवे निघाले हो, भावजी,” वहिनी खिन्न होऊन म्हणाल्या.

यंत्र निर्दोष होते. केळ्याचा गर आपले पाणी धरून ठेवतो. ते फिरत्या जाळीतून निघत नाही. केळे, सीताफळ, पपई ही मिक्सरची फळे. मोसंबी, कलिंगड, गाजर, बीट ही रसयंत्राची. डाळिंबाचे दाणे भरडले की बियांचा तुरटपणा रसात उतरतो. ते फडक्यातून हलके पिळणेच बरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः बाह्या सरसावल्या. मोसंबीची साल तर काढावीच, परंतु आतील पांढरा पापुद्रा आणि बियाही काढाव्यात. रस कडवट होतो तो यांच्यामुळे. गाजराचे लांबट तुकडे करावेत आणि दट्ट्याने रेटू नयेत. यंत्र आपल्या चालीने ओढते. घाई केली की चोथा ओला राहतो आणि रस वाया जातो. मऊ फळामागून एखादे गाजर घातले की अडकलेला गर पुढे ढकलला जातो. काम होताच जाळी नळाखाली धरून ब्रशाने घासावी. वहिनींनी ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली, आणि वाळलेला चोथा काढता काढता आमची बोटे सोलवटली! गाजराचा चोथा टाकू नये; थालीपिठात तो उत्तम लागतो. रस काढल्याबरोबर प्यावा. मोसंबीचा तर ठेवल्याने कडू होत जातो.

मोसंबीच्या कडवटपणाने फार तर तोंड वाईट होते. दुधी भोपळ्याचा कडवटपणा मात्र जिवावर बेततो, आणि हल्ली आरोग्यासाठी म्हणून त्याचा कच्चा रस घरोघर निघतो. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा दुधी व कारल्याचा कडू रस प्याल्यानंतर मृत्यू झाला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रकरणाचा विचार केला. दुधीत कधी कधी कुकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये वाढतात. बाहेरून फळ अगदी कोवळे आणि सुंदर दिसते. म्हणून प्रत्येक दुधीचा लहानसा तुकडा आधी चाखावा. कडू लागल्यास थुंकून चूळ भरावी आणि तो दुधी टाकून द्यावा. त्याच्या रसात कारले वा अन्य काही मिसळू नये, कारण मग कडूपणा कोणाचा हे कळतच नाही. रस पिऊन उलटी, जुलाब वा पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट इस्पितळ गाठावे.

हे ऐकताच वहिनी परसात गेल्या. वेलावरचे दोन दुधी आणून दोहोंचे तुकडे त्यांनी जिभेला लावले. एक गोडसर होता. दुसरा त्यांनी उकिरड्यात खोल पुरला. गुरांपुढेसुद्धा टाकला नाही.