काटा हलला नाही, म्हणून?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ८ मार्चचे कार्यक्रम आटोपलेले असतील. त्यानिमित्ताने ठिकठिकाणी आरोग्य शिबिरं झाली असतील. शिबिरात बाई आत आली की सगळ्यात आधी काय होतं? चपला काढून तिला वजनकाट्यावर उभं केलं जातं. आकडा मोठ्याने वाचला जातो, रांगेतल्या सगळ्याजणी ऐकतात, एखादी पदर तोंडाशी धरून हसते. रक्तदाब, हिमोग्लोबिन यांची पाळी नंतर येते. तोवर तिने स्वतःला नापास करून टाकलेलं असतं.

आज या काट्याबद्दलच लिहायचं आहे. कारण त्याने आमच्या सकाळच्या गटातली एक मैत्रीण आमच्यापासून तोडली.

गेल्या वर्षी आम्ही पंधरा-वीस जणी वस्तीजवळच्या शाळेच्या मैदानावर पहाटे साडेपाचला जमू लागलो. भरभर चालायचं, थोड्या बैठका, भिंतीला हात टेकून जोर, शेवटी दोन मिनिटं शांत बसायचं. आमच्यात एक मावशी होत्या. वय पंचेचाळीस, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. सुरुवातीला मैदानाची एक फेरी झाली की त्या पायरीवर बसायच्या. तीन महिन्यांनी सहा फेऱ्या न थांबता मारू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर कामाला जाताना मधल्या जिन्यात टेकायच्या, ते बंद झालं. रात्री झोप लागू लागली. परकराची नाडी चार बोटं आत आली.

मग एक दिवस दवाखान्यात त्या काट्यावर उभ्या राहिल्या. तीन महिन्यांत उतरलं होतं फक्त सहाशे ग्रॅम. घरी नवरा म्हणाला, "पहाटे उठून काय दिवे लावलेस? त्यापेक्षा डबा वेळेवर कर." दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "ताई, काटा हलला असता तर सांगायला तोंड होतं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण मावशींनी व्यायाम सोडला तो कंटाळून नाही. 'वजन उतरवायचंय' हा त्यांचा घराबाहेर पडण्याचा परवाना होता. बाई सडपातळ होणार असेल तर तिच्या पहाटेच्या तासाला घराची हरकत नसते. पण 'मला बरं वाटतं म्हणून जाते' असं तिने म्हटलं तर तो तास चैनीचा ठरतो. काटा हलला नाही आणि परवाना रद्द झाला.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. यातून चाळीस मिनिटं स्वतःसाठी काढायची आणि त्यांचा हिशेबही पुन्हा किलोमध्ये द्यायचा!

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती. कामाचं मूल्यमापन करताना मोजमाप चुकीचं निवडलं, तर उत्तम चाललेलं कामही फसलेलं दिसतं. मावशींच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

वजन का हलत नाही, हे जरा समजून घेऊ. साठ किलोच्या बाईने पाऊण तास भरभर चालून जेवढी ऊर्जा खर्च होते, ती साधारण दोन पोळ्यांतून मिळते तेवढीच. शिवाय व्यायामाने भूकही वाढू शकते. म्हणजे नुसत्या चालण्याने भराभर किलो उतरतील ही अपेक्षाच चूक. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन किलो-दीड किलोने वाढू शकतं. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंतही पाणी धरलं जातं. चरबी थोडी घटते, स्नायू थोडे भरतात. काट्याला यातला फरक कळत नाही. तो सगळ्याची मिळून एकच बेरीज सांगतो.

आणि तो जागेवर असतो तेव्हा आत बरंच काही चाललेलं असतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. स्नायू रक्तातली साखर अधिक चांगली वापरतात. रक्तदाब उतरायला मदत होते. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी वजन न घटताही कमी होऊ शकते. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, तिथे बैठका आणि चालणं उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवला. हे सगळे फायदे वजन घटेल या अटीवर मिळत नाहीत.

उंची आणि वजनाच्या ज्या गुणोत्तरावरून आपल्याला 'जाड' किंवा 'बरोबर' ठरवतात, त्याचीही एक गोष्ट आहे. त्याचं मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने मांडलं. त्याला शोधायचा होता 'सरासरी माणूस'. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं, ते पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास करून. त्यात बाई एकही नव्हती!

याचा अर्थ वजनाला काही महत्त्वच नाही, असं नाही. गुडघे दुखत असतील, मधुमेह असेल तर डॉक्टरांशी बोलून खाण्यातही बदल करावा लागतो. वजन अचानक वाढलं किंवा कारण नसताना घटलं तर थायरॉइड, साखर तपासून घ्यायलाच हवी. आणि आपल्यातल्या कितीतरी जणींचा प्रश्न वेगळाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईने काटा उतरवण्यासाठी रात्रीचं जेवण सोडलं, तर ती कशाच्या बळावर चालणार?

मी हे लिहिते आहे म्हणजे मी यातून सुटले आहे असं समजू नका. शिबिरात 'आपलं शरीर आपलं' म्हणून बोलून आल्यावर घरी गुपचूप काट्यावर उभी राहणारी मीच. अर्धा किलो वाढलेला दिसला की दिवस खराब जातो. लहानपणापासून 'जरा बारीक हो, स्थळं येतील' हे ऐकलेलं अंगातून इतक्या सहज निघत नाही.

म्हणून गटात आम्ही एक साधी वही ठेवली आहे. त्यात वजनाचा रकाना नाही. महिन्यातून एकदा लिहायचं: न थांबता किती फेऱ्या झाल्या, खुर्चीवरून हात न टेकता तीस सेकंदांत किती वेळा उठता आलं, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटाला नाडीचे ठोके किती, झोप कशी लागते, दोन मजले चढून गेल्यावर बोलता येतं का. ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारची लिहिते. पाळीचे दिवस, घरचं आजारपण, लग्नसराई यांत खाडा होणारच. तोही लिहायचा, पण 'मोडलं' म्हणून नाही, तर 'परत आले' म्हणून. एखादी तीन दिवस दिसली नाही तर दोघीजणी तिच्या दारी जातात. एकटीचा निश्चय लवकर गळतो. चौघींची हाक टाळणं अवघड असतं.

ही वही मावशींच्या वेळी आमच्याकडे नव्हती. असती तर त्यांना नवऱ्यासमोर ठेवायला सहाशे ग्रॅमपेक्षा काहीतरी जास्त असतं. खरं तर त्यांना कोणासमोर काही ठेवावंच लागू नये. पण तो दिवस येईपर्यंत आपला पुरावा आपण जपलेला बरा.

परवा मावशी भेटल्या, त्याच इमारतीत, मधल्या जिन्यावर टेकलेल्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "पुन्हा बसायला लागते बघा." मी त्यांच्याशेजारी बसले. सोमवारी पहाटे आम्ही दोघी-तिघी त्यांच्या दारात जाणार आहोत. डबा कोण करणार, हेही तिथेच बोलून घेऊ.

तुमच्या वस्तीत, गावात, गटात काय मोजता, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात तुमच्या नोंदींसाठी जागा राखून ठेवली आहे.