'ड्यू टू' लिहिलं म्हणजे जबाबदारी संपली?



सातिवलीतल्या कुठल्याही गाळ्यात डोकावा. बाहेर टेम्पो लागलेला, आत मशीनची घरघर, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मालक मोबाईलवर पार्टीला मेल लिहितोय. घरच्यांशी मराठी, कामगारांशी हिंदी, पण मेल मात्र इंग्रजीत. माल लेट होणार असेल तर त्या मेलची सुरुवात ठरलेली असते: 'ड्यू टू...'

'ड्यू टू लाईट प्रॉब्लेम, मटेरियल नॉट रेडी. काइंडली ॲडजस्ट.' झालं, मेल गेला. मालकाला वाटतं आपण कळवलं, आता आपण सुटलो.

माझं स्पष्ट मत सांगतो. अशा मेलमुळे लहान उद्योजकाच्या हातून ऑर्डरी जातात. आणि त्याचं कारण व्याकरण नाही.

तरी व्याकरणाचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. मराठीत 'मुळे' मागे लागतं, आणि कशालाही लागतं: 'पावसामुळे', 'लाईट गेल्यामुळे'. इंग्रजीत 'ड्यू टू' आणि 'बिकॉज ऑफ' आधी येतात आणि त्यांच्यापुढे नाम लागतं. म्हणून 'ड्यू टू लाईट वॉज नॉट देअर' चूक. 'ड्यू टू अ पॉवर कट' बरोबर. पूर्ण वाक्य जोडायचं असेल तर नुसतं 'बिकॉज' वापरा: 'बिकॉज देअर वॉज नो पॉवर'.

दुसरी चूक, 'ॲज द मशीन वॉज डाऊन, सो वी कुड नॉट डिस्पॅच'. इथे 'ॲज' आणि 'सो' दोन्ही नकोत, एक पुरे. तिसरी गोष्ट 'सिन्स'ची. त्याचा अर्थ 'कारण' असाही होतो आणि 'तेव्हापासून' असाही. पार्टीला गोंधळात टाकायचं नसेल तर सरळ 'बिकॉज' लिहा. आणि 'थँक्स टू' फक्त चांगल्या गोष्टीसाठी ठेवा. 'थँक्स टू युवर लेट ड्रॉइंग' हा आभार नाही, टोमणा आहे.

हे सगळं एका दिवसात सुधारतं. खरी अडचण वेगळी आहे. आपण कारण लिहितो आणि परिणाम लिहीतच नाही.

मेल उघडल्यावर पार्टीला काय हवं असतं? तिची लाईन उभी आहे, तिला पुढे कोणाला तरी उत्तर द्यायचंय. तुमच्याकडे लाईट का गेली यापेक्षा किती पीस येणार आणि कधी येणार, हे तिला आधी कळायला हवं. म्हणून क्रम उलटा करा. आधी परिणाम, मग कारण, मग उपाय.

समजा ५०० पीसची ऑर्डर आहे. असं लिहा: 'थ्री हंड्रेड पीसेस विल रीच यू ऑन थर्सडे. द रिमेनिंग टू हंड्रेड विल रीच यू ऑन सॅटर्डे, बिकॉज वी हॅड नो पॉवर फॉर सिक्स अवर्स येस्टरडे. वी आर रनिंग अ नाईट शिफ्ट टू कव्हर इट.' तीनच वाक्यं, इंग्रजीही शाळेतलंच. पण वाचणाऱ्याला आता पुढचं नियोजन करता येतं. मात्र शनिवार लिहिलात तर शनिवारीच माल पोचला पाहिजे. तो पाळता येणार नसेल तर सोमवार लिहा.

तुम्ही म्हणाल, 'सर, कारण खरं असेल तर पार्टी समजून घेते.' घेते ना. २०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. तेव्हा 'ड्यू टू हेवी रेन' एवढं लिहिलं तरी पुरत होतं. पण तेच वाक्य डिसेंबरमध्येही पाठवणाऱ्याचं पुढच्या जुलैत कोणी खरं मानत नाही. कारणाचीही पत असते मित्रांनो. उगाच खर्च केली की गरजेच्या वेळी शिल्लक राहत नाही.

आता पैशाच्या बाजूने पाहा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी एका गिरणीचा क्रँकशाफ्ट तुटला. नवीन बनवायला नमुना म्हणून तो ग्रीनिचला पाठवायचा होता. वाहतूकवाल्याने उशीर केला, गिरणी जास्त दिवस बंद राहिली. मालकाने बुडालेला नफा मागितला. १८५४ मध्ये कोर्टाने तो नाकारला, कारण या शाफ्टवाचून गिरणी बंद राहील हे वाहतूकवाल्याला आधी नीट सांगितलेलंच नव्हतं. आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३ त्याच वळणाचं आहे. करार मोडल्यामुळे नेहमीच्या क्रमात होणारं, किंवा करार करतानाच दोघांना माहीत असलेलं नुकसान भरून मिळतं. दूरचं, आडवळणाचं नुकसान मिळत नाही.

म्हणजे कारण आणि परिणाम यांची सांगड ऑर्डर देतानाच लेखी घालायची असते. तुमचा पावडर कोटिंगवाला लेट झाला तर तुमची मोठी डिलिव्हरी चुकणार असेल, तर ते त्याला आधीच लिहून द्या. आणि पार्टीने तसं तुम्हाला लिहून दिलं असेल, तर 'ओके सर' पाठवण्याआधी दोनदा वाचा.

शेवटचा मुद्दा, 'ड्यू' याच शब्दाचा दुसरा अर्थ: देणं बाकी. पेमेंट थकलं की पार्टी आपलंच वाक्य आपल्याला परत करते: 'पेमेंट डिलेड ड्यू टू फंड इश्यू.' आणि आपण गप्प बसतो, कारण महिन्यापूर्वी आपणही तसंच लिहिलेलं असतं! पण इथे कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसांचा हिशोब लागतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ होत जाणारं व्याज. 'फंड इश्यू' या कारणाला तिथे सूट नाही. फक्त तुमची उद्यम नोंदणी झालेली हवी, आणि चलन, बिल, मेल जपून ठेवलेले हवेत.

म्हणून मी म्हणतो, 'ड्यू टू' हा माफीचा शब्द समजू नका. तो लेखी जबाब आहे. उद्या वाद झाला तर तुम्ही काय केलंत हे तोच सांगणार.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या सेंट बॉक्समध्ये जा. 'ड्यू टू' शोधा. सापडलेल्या प्रत्येक मेलमध्ये तारीख आहे का, आकडा आहे का, उपाय आहे का, एवढंच बघा. तिन्ही नसतील तर तो मेल आज नव्याने लिहून बघा, नुसता सरावासाठी. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. दिलेला शब्द मोडका नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, जोरात करा!